एकतिसावा थर

लातुरात नीटचा निकाल कमी लागला की घरात सुतक पडतं. पाहुणे हळू आवाजात बोलतात, आई पदर डोळ्यांना लावते आणि कुठला तरी मामा "पुढच्या वर्षी रिपीट करू" म्हणून धीर देतो. मी त्या शहरात दोन वर्षं क्लासवाल्यांच्या गल्लीत खोली करून राहिले होते, आणि मार्क असे पडले की क्लासवाल्यांनी ओळख दाखवणंच सोडलं. मुरुडला घरी परतले ती रडायची पूर्ण तयारी करूनच. संध्याकाळी बाबा दुकानातून आले, तर त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा.

"बरं झालं," ते म्हणाले. "आता तू भूगर्भशास्त्र घे."

मला वाटलं, पोरीचा निकाल पाहून यांचं डोकं फिरलं. आई म्हणाली, "पोरीच्या जातीनं दगडं फोडायची का?" बाबा म्हणाले, "फोडायची न्हाईत, वाचायची," आणि हात धुऊन जेवायला बसले. पत्रे विकणाऱ्या माणसाला हे वाक्य कुठून सुचलं, ते मला पुढची पाच वर्षं कळलं नाही. त्यांना या शास्त्राकडून एकाच प्रश्नाचं उत्तर पाहिजे होतं, आणि ते काढून आणायला त्यांनी घरचंच माणूस कामाला लावलं होतं. मी आपली समजत होते की बाबांनी माझ्या अपयशावर पांघरूण घातलं.

चिडायला मला तशी निकालाची गरज नव्हती. आमचं घरच त्याला पुरेसं होतं. मुरुडच्या बाजारात 'शिवमूर्ती पत्रेवाले' कुठं म्हणून विचारा, शेंबडं पोरही दाखवेल. गल्लीतल्या सगळ्यांनी स्लॅब टाकले, दोघांनी वर मजले चढवले, आमच्या डोक्यावर मात्र पत्रा. पैसा नव्हता असं नाही. एप्रिलमध्ये दुपारी घरात उभं राहवत नसे. दहावीचा अभ्यास मी डोक्यावर ओलं फडकं घेऊन केलाय. पाऊस लागला की शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागे. स्लॅबचा विषय काढला की बाबा म्हणत, "डोक्यावर हलकं असावं." पाहुण्यांकडं गेले तरी स्लॅबखाली झोपत नसत, अंगणात बाज टाकायला लावत, नाहीतर देवळाच्या ओट्यावर जात. का, ते सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी विचारत नव्हतं.

आमचं मूळ गाव औसा तालुक्यातलं. त्र्याण्णवच्या भूकंपात ते झोपलं ते उठलंच नाही. माझी आजी लक्ष्मम्मा आणि बाबांची नऊ वर्षांची बहीण नीलम्मा मधल्या खोलीत होत्या, त्या तिथंच गेल्या. बाबा एकोणीस वर्षांचे. आदल्या दिवशी गणपती बुडवून ते पोरांबरोबर मांडवातच आडवे झाले होते. माझे आजोबा गुरुपादप्पा, ज्यांना आम्ही अप्पा म्हणायचो, राखणीला शेतात होते. बाप-लेक दोघंच राहिले. आम्ही लिंगायत, आमच्यात गेलेल्या माणसाला मांडी घालून बसवतात आणि माती देतात. पण तेव्हा पावसात इतकी माणसं पडली होती की कोणाची काय रीत हे बघायला सवड कोणाला होती? लष्कराच्या जवानांनी दोघींना बाहेर काढलं आणि बाकीच्यांबरोबर एकाच चितेवर ठेवलं. अप्पा पुढं वीस वर्षं जगले, पण या एका गोष्टीवर कधी बोलले नाहीत.

एवढं मला ठाऊक होतं. घरात भिंतीवर टांगलेल्या तसबिरीसारखं ते होतं, रोज दिसायचं आणि कोणी हात लावत नव्हतं.

लातूरला बी.एस्सी. झाल्यावर मी एम.एस्सी.ला नांदेडला गेले. विद्यापीठाच्या माळावर आमचा विभाग, विभागात आम्ही अकरा जण, आणि अकरा जणांत मनापासून दगडाची आवड असलेले दीड. मी त्या अर्ध्यात होते. आवड हळूहळूच लागली, पण लागली. आपल्या सगळ्या मुलखाखाली लाव्ह्याचे थर एकावर एक रचलेत, दोन थरांच्या मध्ये कुठंकुठं लाल मातीची रेघ दिसते, आणि ती रेघ म्हणजे एक थर थंड होऊन दुसरा येईपर्यंत गेलेला काळ, हे कळलं तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं. खालचं जुनं, वरचं नवं. आणि वरचा भाग झिजून, कापला जाऊन मग त्यावर नवीन थर बसला असेल तर तो काप दिसतो, त्याला अनकन्फर्मिटी म्हणतात. घरातल्या माणसांपेक्षा दगड सरळ बोलतात, असं मी माझ्या रूममेटला, बुद्धप्रियाला म्हणाले होते. ती म्हणाली, "बोलू दे, तू मधी तोंड घालू नको."

दुसऱ्या वर्षी डिझर्टेशनचे विषय वाटले. बुद्धप्रियाच्या वाट्याला देवणीकडच्या बोअरच्या पाण्यातलं फ्लोराईड आलं. सुदर्शन सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तुमच्याकडं माळवदं पडून माणसं मेली," सर म्हणाले. "भूकंपावर शंभर पेपर झाले. छतावरच्या मातीवर कोणी धड बोलत नाही. थर मोज, घनता काढ, एका खोलीवर किती टन भार होता ते लिही."

मला विषय सोपा वाटला, घराजवळचा वाटला. मी हो म्हणाले.

हल्लीच्या पोरांनी माळवद पाहिलेलं नसतं म्हणून सांगते. दगड-मातीच्या जाड भिंती, त्यावर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पाला आणि पाल्यावर गावच्या पांढरीची, म्हणजे गावठाणातली पांढुरकी माती, पाणी मारून चोपलेली. ती माती उन्हाळ्यात थंड आणि थंडीत ऊबदार. पावसाळ्यात मात्र गळते. म्हणून दरसाल मृगाच्या आधी वर नवी माती टाकायची. रेणापूरच्या अलीकडं किशनराव म्हणून एक म्हातारे शेतकरी आपलं माळवद पाडून स्लॅब टाकत होते. त्यांच्याकडं मी पहिला छेद घेतला. करवतीनं माती उभी कापली, ब्रशनं झाडली, आणि बघतच राहिले. दर सालचा थर वेगळा दिसत होता. प्रत्येकाच्या माथ्यावर पावसानं आलेल्या शेवाळाची काळी पापडी, गवताची बारीक मुळं, त्यावर पुढल्या सालची माती.

"पण नुसती टाकून चालत न्हाई, बाई," किशनराव म्हणाले. "तीन-चार सालाला जुनी खरवडून काढावी लागती. न्हाईतर ओझं होतंय. आळशी माणूस वरच्या वर टाकतो. खालून कोणाला काय मालूम?"

त्यांच्या छेदात खरवडल्याच्या खुणा तीन ठिकाणी होत्या. मुळं मधेच तुटलेली, पापडी गायब, आणि त्यावर नवी माती सरळ बसलेली. पुस्तकातली अनकन्फर्मिटी, माणसानं खोऱ्यानं केलेली. मी इतकी खूश झाले की किशनरावांनी मला चहाबरोबर गुळाचा खडाही दिला.

त्या रविवारी मुरुडला गेले आणि जेवताना बाबांना हे सगळं सांगितलं. हौसेनं सांगितलं. वाटलं, एकदा तरी कळू दे यांना पोरगी काय शिकते ते. बाबांचा घास हातातच राहिला.

"खरवडलेलं दिसतं?" त्यांनी विचारलं.

"दिसतं की."

"न्हाई खरवडलं तर तेबी दिसतं?"

"ते तर जास्तच दिसतं."

ते ताटावरून उठले. भाकरी अर्धी तशीच राहिली. आई म्हणाली, "काय झालं वो?" बाबा दारात पाठमोरे उभे राहून चूळ भरत होते. मग म्हणाले, "दामिनी, आपलं बघशील का?"

जुन्या घराला 'आपलं' म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या टेम्पोतून आम्ही दोघं निघालो. बाबांनी कुदळ, खोरं, पाटी अशी जय्यत तयारी घेतली होती. नवं गाव ओलांडून जुन्या गावठाणात शिरलो. सगळीकडं वेडी बाभूळ माजलेली, मधून मधून भिंतींचे बुडखे. मला सगळे ढिगारे सारखेच दिसत होते. बाबा मात्र रोज येत असल्यासारखे चालत गेले आणि एका ढिगाऱ्यापाशी थांबले. मधल्या खोलीची जागा जवानांनी उकरली होती, तिथं नुसता खड्डा. पण ओसरीच्या कोपऱ्यातलं छत अख्खंच्या अख्खं खाली येऊन भिंतीच्या उरलेल्या बुडख्याला टेकलं होतं. वर चिरे पडून ते झाकून गेलेलं. तीस वर्षांच्या पावसानं त्याला फारसं काही केलं नव्हतं.

आम्ही चिरे बाजूला केले. बाबांना घाम फुटला होता. मी म्हणाले, "बसा जरा." ते बसले आणि सांगायला लागले. माझ्याकडं न बघता, खोऱ्याच्या दांड्याकडं बघून.

"त्या साली उन्हाळ्यात अप्पा म्हणाले, शिवा, यंदा पार लाकडापर्यंत खरवड, मग वीतभर नवी टाक. माझी कंबर धरून राहिली, मला वर चढवत न्हाई. हे सांगून ते अन् आई निलंग्याला लग्नाला गेले. आठ दिवस. खरवडायचं म्हणजे आठ दिवसांचंच काम हाय, बाई. खोऱ्यानं उकरायची, पाटीनं खाली आणायची, गावाबाहेर नेऊन टाकायची. अन् मला तिकडं किरकेटच्या मॅची होत्या."

ते थांबले. मी एक चिरा ओढून त्यांच्यासमोर बसले.

"मी दोन दिवसांत वरच्या वर दोन बोटं माती टाकली. पाणी मारलं, चोपली. छान गुळगुळीत केली. बाकीचे सहा दिवस खेळलो. नीलम्माला घरी ठेवलं होतं माझ्यासोबत. ती खालून पाणी भरून द्यायची, वर बघत राहायची. तिला म्हणलो, अप्पाला सांगू नको, तुला गारेगार देतो. तिनं न्हाई सांगितलं. शेवटपर्यंत न्हाई सांगितलं."

बाभळीत कुठं तरी होला घुमत होता. बाबांनी टोपीनं तोंड पुसलं.

"भूकंप झाल्यावर आम्ही शेडात राहत होतो. पंधरा-वीस दिवस झाले असतील. अप्पा चपला झटकत होते. माझ्याकडं बघितलं न्हाई त्यांनी. म्हणाले, शिवा, खरवडली होतीस न्हवं? मी म्हणलो, हाव. बरं, म्हणाले, अन् चपला घालून गेले. पुन्हा वीस सालात कधी विचारलं न्हाई. मरताना तरी सांगावं वाटलं मला. तोंडच उघडलं न्हाई माझं."

मला तेव्हा काय वाटलं ते सरळ सांगते. मला बाबांचा राग आला नाही, मला त्यांची भीती वाटली. पन्नाशीचा माणूस, दुकानात गिऱ्हाइकांशी हसून बोलणारा, मला पेढे आणणारा. हा माणूस रोज हे पोटात घेऊन उठत होता आणि आम्ही त्याला पत्र्याच्या उकाड्यावरून टोमणे मारत होतो. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. आमच्या घरात तर जळतंय हेच कोणाला कळलं नव्हतं.

"तुला इंजिनेर केलं असतं तर तू भिंती मोजल्या असत्यास," बाबा म्हणाले. "डॉक्टर माणसं मोजतो. माती कोण मोजतो, असं मी एका सरकारी सायबाला विचारलं होतं. नवं गाव बसवताना आला होता तो. भूगर्भशास्त्रवाला, म्हणाला. म्हणून तुला घातलं. आता बघ अन् सांग. माझ्या त्या मातीनं झालं का?"

मी करवत घेतली. काप सरळ आला. पाच वर्षांत एवढं तरी शिकले होते. ब्रशनं झाडलं. पाण्याचा फवारा मारला की थर उठून दिसतात, तसा मारला.

सगळ्यात वरचा थर दोन बोटांचा. चार सेंटिमीटर. त्याच्याखाली काळी पापडी शाबूत, गवताची मुळं शाबूत. बाबा खरं बोलत होते. खरवडलं नव्हतं.

मग मी खाली गेले. दुसरा थर, तिसरा, चौथा. प्रत्येकाच्या माथ्यावर पापडी, प्रत्येकाला मुळं. सातवा, आठवा. कुठंच काप नव्हता. मला वाटलं, मी चुकले. पुन्हा वरून मोजलं. बाबा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते.

"माझा तो वरचा न्हवं?"

"हो."

"अन् अप्पांनी खरवडलेलं कुठाय? ते दर तीन सालाला खरवडायचे. गावात सांगायचे, आपल्या माळवदावर कधी वीतभराच्या वर माती न्हाई म्हणून."

मी टाचण्या लावत मोजत गेले. वरून एकविसाव्या थराच्या खाली नुसती उडालेल्या धुळीची पातळ रेघ होती. त्या साली माती टाकलीच नव्हती. मी मनात साल मोजलं तर बहात्तर आलं. दुष्काळाचं साल, प्यायलाच पाणी नाही तर माती चोपायला कुठून आणणार? म्हणजे माझी मोजणी बरोबर होती. धुळीखाली आणखी दहा थर. आणि त्या दहांच्या खाली, अगदी तळाशी, स्वच्छ कापलेली रेघ. एकच.

"बासष्ट," मी म्हणाले. "बासष्टला कोणीतरी खरवडलं होतं."

"आमचे आजोबा," बाबा म्हणाले. "खरवडून झालं अन् नवी माती टाकायच्या आधीच गेले ते." मग त्यांनी बोट लावलं आणि त्या रेघेपासून वर एकेक थर मोजत आले. हलक्या हातानं, जखमेवरनं फिरवावं तसं. एकतिसाव्या थरावर बोट थांबलं. तो त्यांचा. त्याच्याखालचे तीसच्या तीस माझ्या आजोबांचे. अप्पांनी एकदाही खरवडलं नव्हतं.

बाबा खाली बसले. मी नमुने पिशव्यांत भरले, वजनं घेतली, वहीत आकडे मांडले. काम करत राहिले, म्हणजे बोलावं लागणार नाही. अडुसष्ट सेंटिमीटर माती. मधल्या खोलीचा आकार बाबांना तोंडपाठ होता, दहा बाय बारा. एकूण भार पावणेतेरा टन निघाला.

आणि बाबांचा थर पाऊण टन.

तो आकडा बघून मला, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. मला वाटलं, सुटले बाबा. पावणेतेरातला पाऊण! तीस वर्षं या माणसानं दोन बोटं मातीसाठी स्वतःला जाळलं. मी वही घेऊन त्यांच्यापाशी उकिडवी बसले.

"बाबा, तुमच्या मातीनं काही झालं नाही. तुमची पाऊण टन. बाकीची बारा टन आधीचीच होती. तुम्ही ती दोन बोटं टाकली नसती तरी ते छत तेवढंच जड होतं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांचा चेहरा असा काही सैल झाला की मला क्षणभर ते एकोणीस वर्षांचे दिसले. "म्हणजे माझ्यानं न्हाई?"

"नाही."

"माझ्या मातीनं न्हाई," ते पुन्हा म्हणाले. दोनदा म्हणाले. मी पाहत होते, आणि मला कळत होतं की ते आता थांबणार नाहीत. जन्मभर पत्रे तोलून विकलेला माणूस. वजाबाकी त्यांना माझ्याआधी येते.

"अन् खरवडली असती तर?" त्यांनी विचारलं.

मी वहीच्या पानावर हात ठेवला. तो आकडाही मी काढला होता, सवयीनं. लाकडापर्यंत खरवडून वीतभर नवी माती टाकली असती तर पावणेचार टन राहिलं असतं. नऊ टन त्या उन्हाळ्यात खाली आलं असतं. आठ दिवसांत. अप्पांचे तीसही थर त्यातच निघून गेले असते.

बाबांनी माझा हात बाजूला केला नाही. गरजच नव्हती. "म्हणून ते त्या साली पार लाकडापर्यंत म्हणाले," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "त्यांना ठावं होतं वर किती हाय. त्यांना लाज वाटली असंल सांगायला. कंबर धरली म्हणाले. सगळं एकदाच निघून जाईल, कोणाला कळायचं न्हाई, असं वाटलं असंल त्यांना." मग म्हणाले, "अन् मला विचारलं तेव्हा... ते माझं विचारत नव्हते, दामिनी. ते त्यांचं विचारत होते."

मला ते कळायला थोडा वेळ लागला. पत्र्याच्या शेडात चपला झटकणारे अप्पा. मुलगा 'हाव' म्हणाला, म्हणजे माती निघाली होती. माती निघूनही छत पडलं, म्हणजे आपल्या तीस वर्षांच्या आळसानं ते पडलं नाही. त्या एका शब्दावर माझे आजोबा वीस वर्षं झोपले. आणि त्याच एका शब्दानं माझ्या बापाची झोप गेली. एका पत्र्याखाली, शेजारी शेजारी बाज टाकून दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होते.

"कामून मी सांगितलं न्हाई त्यांना," बाबा म्हणाले आणि रडले. मोठ्यानं नाही. खोऱ्याचा दांडा दोन्ही हातांनी धरून, मान खाली घालून. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पोरीनं बापाला थोपटायची आमच्यात रीत नाही, तरी ठेवला.

ऊन चढलं होतं. त्यांनी तोंड पुसलं, उठून मधल्या खोलीच्या खड्ड्यापाशी गेले आणि माझ्याकडं पाठ करून उभे राहिले.

"एक विचारतो," ते म्हणाले. "तू शिकलीस म्हणून विचारतो. मी त्या आठ दिवसांत खरवडली असती, तर आई अन् नीलम्मा वाचल्या असत्या का?"

हाच तो प्रश्न. यासाठीच पेढे आणले होते त्यांनी.

याचं खरं उत्तर मला येत होतं. सुदर्शन सरांनी आम्हाला पहिल्या वर्षीच घोकून घेतलं होतं: एका घराचं, एका माणसाचं शास्त्र सांगू शकत नाही. भिंती दगड-मातीच्या होत्या, त्या कदाचित तशाही पडल्या असत्या. कदाचित नसत्या. पावणेचार टनांखाली नऊ वर्षांचं लेकरू तुळईच्या कोपऱ्यात वाचू शकतं; त्या गावात वाचलेलीही होती. सांगता येत नाही, हे खरं उत्तर. आणि तो 'सांगता येत नाही' घेऊन हा माणूस पुढची तीस वर्षं पत्र्याखाली काढणार, हेही मला तितकंच स्पष्ट दिसत होतं.

मी वही मिटली.

"नाही," मी म्हणाले. "भिंतीच पडल्या असत्या. वर काहीही असतं तरी."

"तू मोजलंस?"

"मोजलं."

"नक्की?"

कॉलेज-विद्यापीठाच्या पाच वर्षांत माझ्या तोंडचा घरचा शब्द गेला होता. सगळीकडं मी 'हो' म्हणायचे. तेव्हा मात्र तो आपोआप आला.

"हाव," मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडं बघितलं नाही. खड्ड्याच्या काठावर ते तसेच उभे राहिले. मग वाकून त्यांनी पायातल्या चपला काढल्या, एकमेकींवर आपटून त्यांतली माती झटकली आणि पुन्हा पायात घातल्या.

"बरं," ते म्हणाले.